दहावी : लक्षणे, कालावधी आणि शेवटी सायन्स

महाराष्ट्रात दहावीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, अशी शाळांची समजूत आहे. प्रत्यक्षात नववीची वार्षिक परीक्षा संपते त्याच आठवड्यात क्लासची व्हेकेशन बॅच बसते आणि घराला दहावी लागते. ती पुढच्या वर्षी अकरावीचा प्रवेश पक्का होईपर्यंत उतरत नाही. म्हणजे हे वर्ष साधारण पंधरा-सोळा महिन्यांचे असते. एवढे लांब वर्ष पंचांगातही नाही. अधिक मास धरूनही पंचांग तेराच्या पुढे जात नाही.

दहावी ही तशी फार जुनी गोष्ट नव्हे. राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून कामाला लागले आणि १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधी मॅट्रिक अकरावीला होत असे. ती पार केलेली मंडळी अजूनही स्वतःला ‘जुनी अकरावी’ म्हणवतात, आणि आपल्या ५४ टक्क्यांपुढे नातवाचे ९४ टक्के काहीच नाहीत हे त्यांचे मत कोणत्याही पुराव्याने बदलत नाही. मंडळाचे आता नऊ विभाग आहेत आणि दरवर्षी पंधरा-सोळा लाख मुले परीक्षेला बसतात. निकालात कोकण विभाग पहिला येतो. हा विभाग वेगळा झाल्यापासून तोच पहिला येत आहे. तरीही वर्तमानपत्रे दरवर्षी ती बातमी म्हणून छापतात.

दहावी लागल्याचे पहिले लक्षण घरातल्या आवाजावर दिसते. टीव्ही मुका होतो. आजी मालिकेतल्या सुनेचे हुंदके ओठांवरून ओळखायला शिकते. दिवाळीतला किल्ला धाकट्याकडे सोपवला जातो, गणपती दीड दिवसांवर येतो, आणि नको असलेल्या लग्नांना ‘यंदा आमच्याकडे दहावी आहे हो’ एवढे सांगितले की पुढे काही विचारले जात नाही. बारशाला, मुंजीला, सोसायटीच्या मीटिंगला न जाण्यासाठी इतके सर्वमान्य कारण दुसरे नाही. काही घरांत दहावी संपल्यावर याच गोष्टीची सर्वांत जास्त हळहळ वाटते.

दुसरे लक्षण म्हणजे वेळापत्रक. ते स्केचपेनने, तीन रंगांत, पट्टीने रेघा मारून तयार होते आणि फ्रिजच्या दारावर चिकटवले जाते. ते करायला दोन दिवस लागतात व तेवढे दिवस अभ्यासातून सुटी असते. त्यात ‘४.४५ उठणे, ४.४५ ते ५.०० दूध, ५.०० ते ७.०० भूमिती’ अशा नोंदी असून रात्री ‘९.०० ते ९.१० मनोरंजन’ असते. पहाटे केलेला अभ्यास लक्षात राहतो, हा सिद्धांत वडिलांचा असतो. तो अमलात आणायला उठते आई. मुलगा पुस्तकापुढे बसतो, आई त्याच्यापुढे बसते, आणि सहाच्या सुमारास दोघेही भूमितीवर डोके ठेवून झोपलेले आढळतात. वेळापत्रक पुढे वर्षभर फ्रिजवरच राहते. त्याच्यावर दूधवाल्याचा हिशेब आणि गॅसचा नंबर लिहिला जातो.

अभ्यासाच्या साहित्यात पाठ्यपुस्तक सगळ्यांत शेवटी येते. त्याआधी गाइड, डायजेस्ट, क्लासच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास कमावलेले ‘२१ अपेक्षित’ यांचा मान असतो. कुमारभारती वर्षअखेरीलाही कोऱ्या वासाची राहते. नोट्समध्ये महत्त्वाच्या प्रश्नांपुढे ‘आयएमपी’ लिहायची पद्धत आहे. जूनमध्ये पानावर एक आयएमपी असतो, डिसेंबरात चार, आणि फेब्रुवारीत पानावर आयएमपी नसलेला एखादा प्रश्न दिसला की तोच येणार अशी शंका घेऊन त्यालाही आयएमपी करतात.

या पद्धतीने मिळणाऱ्या ज्ञानाचा उत्तम नमुना इतिहासात सापडतो. २०१८ पासूनच्या अभ्यासक्रमात दहावीचा इतिहास इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेने सुरू होतो. मुलांना अफजलखान भेटेल असे वाटत असते, भेटतो मायकेल फुको. ‘आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज’ हा ग्रंथ त्याने लिहिला, हे सांगोल्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलांना झोपेतून उठवले तरी सांगता येते. फ्रान्सबाहेर फुको इतक्या मोठ्या संख्येने पाठ असलेला प्रांत दुसरा असेलसे वाटत नाही. त्या ग्रंथात काय आहे हे कोणी विचारत नाही, कारण प्रश्न एका गुणाचा आहे.

गुणांची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पालकांचा खरा अभ्यास तिचाच असतो. एकूण सहा विषय. प्रत्येकाला ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत. अंतर्गत गुण शाळेच्या हातात असतात आणि शाळेचा हात सहसा सैल असतो. हे २० गुण म्हणजे नेमके काय करतात, ते एकदा प्रयोगाने सिद्धही झाले. २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. राज्य हादरले आणि गुण परत आले. २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. परीक्षा जितकी कमी तितका निकाल चांगला, असा नियम यावरून मांडता येतो. न झालेल्या परीक्षेत नापास झालेले ०.०५ टक्के विद्यार्थी कोण असावेत, हा वेगळ्या संशोधनाचा विषय आहे.

याशिवाय ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे. सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त गुण त्यांचीच टक्केवारी धरायची, ही सोय सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१० मध्ये कायम झाली. तिच्यामुळे प्रत्येक मुलाला एक विषय मनापासून न आवडण्याचा हक्क मिळाला. पुढे सवलतीचे गुण येतात : खेळाचे, लोककलेचे, चित्रकलेचे. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण मिळतात. त्यामुळे आठवी-नववीत राज्यात चित्रकलेची मोठी लाट येते. मडके, मडक्याशेजारी वांगे आणि मागे पडदा, असे स्थिरचित्र घराघरांत काढले जाते. श्रेणी हाती आली की लाट ओसरते आणि रंगपेटी धाकट्या बहिणीकडे जाते. हे सगळे जोडून काही मुले पूर्ण १०० टक्क्यांवर पोहोचतात. २०२५ मध्ये अशी २११ मुले होती, त्यांतली ११३ एकट्या लातूर विभागातली. जुन्या अकरावीवाल्यांना ही बातमी शक्यतो जेवणाच्या वेळी सांगू नये.

जानेवारीत पूर्वपरीक्षा, म्हणजे प्रिलिम, होते. प्रिलिमचे पेपर कडक तपासायचे, हे शाळांचे जुने धोरण. त्यामागे मुलांनी घाबरावे हा हेतू असतो. घाबरतात ते पालक. गणितात ८० पैकी ४१ पाहून वडील रात्री उशिरापर्यंत गॅलरीत उभे राहतात आणि दुसऱ्या दिवशी क्रॅश कोर्सची पावती आणतात. निरोप समारंभही याच सुमारास होतो. मुली साड्या नेसून येतात, मुले मोठ्या भावाचा ब्लेझर घालून येतात, आणि ज्या सरांना पाच वर्षे टोपणनावाने ओळखले त्यांच्याविषयी बोलताना एखाद्याचा कंठ खरोखर दाटतो. वर्षभरात अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून जे काही घडते ते एवढेच, आणि ते चांगले होते.

हॉल तिकीट हाती आल्यावर मुख्य परीक्षा सुरू होते. तिचा पहिला विधी आदल्या दिवशी असतो : नंबर बघायला जाणे. परीक्षा-केंद्र घरापासून दोन किलोमीटरवर असले तरी तिथे अख्खे कुटुंब जाते, फळ्यावर बैठक क्रमांक शोधते आणि वर्ग तळमजल्यावर आहे की तिसऱ्या, पंखा डोक्यावर येतो की नाही, खिडकीतून ऊन कुठल्या बाजूने येते, याची पाहणी करते. घर घेताना एवढी पाहणी होत नाही. दुसऱ्या दिवशी हातावर दही-साखर ठेवली जाते, पारदर्शक पाऊचमध्ये एकाच जातीची पाच पेने जातात आणि देवापुढे ठेवलेले हॉल तिकीट देवापुढेच विसरले जाते. ते आणायला जो परत धावतो त्याला वर्षभरात प्रथमच घरात काम मिळते. तो काका असतो.

केंद्राबाहेर पोलीस असतात, आत भरारी पथक येऊन जाते, बैठे पथक बसूनच असते, आणि परिसरातली झेरॉक्सची दुकाने त्या वेळेपुरती बंद ठेवावी लागतात. वर्गात उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटतो. मग पुरवण्यांना सुरुवात होते. पुरवणी मागायला पहिला हात वर झाला की बाकीच्यांचे अवसान जाते. ज्याने हात वर केला त्याने ओळीत चारच शब्द लिहिलेले असतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठीच्या पेपरात मुले निसर्गाचे मनोगत लिहितात, पाणी वाचवण्याची जाहिरात करतात आणि न झालेल्या वृक्षारोपणाची बातमी देतात. शेवटच्या कामासाठी लागणारी शैली अनेकांना पुढे नोकरीतही उपयोगी पडते.

पेपर सुटल्यावर फाटकापाशी एकच प्रश्न विचारला जातो : कसा गेला? त्याचे प्रचलित उत्तर ‘बरा गेला’ असे आहे. ‘सोपा होता’ म्हटले तर सगळ्यांनाच सोपा गेला असणार ही नवी काळजी, आणि ‘अवघड होता’ म्हटले तर स्कूटरवरच वडील प्रश्नपत्रिका उघडतात. वडिलांना दुसऱ्या प्रश्नातला तिसरा उपप्रश्न येत नाही. तेव्हा ते म्हणतात, “आमच्या वेळी हे नव्हतं.”

निकाल आता मे महिन्यात, दुपारी १ वाजता, ऑनलाइन लागतो. तो पाहायला बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते. ही दोन्ही माहिती सर्व नातेवाइकांकडे असल्यामुळे निकाल घरात कळण्याआधी आत्याला कळतो. पूर्वी बोर्डात आलेल्यांची गुणवत्ता यादी लागत असे आणि पहिल्या आलेल्या मुलाचा, आई पेढा भरवताना, पेपरात फोटो येई. यादी बंद झाली, पेढा टिकला. आता तो प्रत्येक घरात भरवला जातो आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो. सर्व विषयांत नेमके ३५ गुण मिळवणाऱ्यांचीही हलगी लावून मिरवणूक निघते. सहाच्या सहा विषयांत एकही गुण वाया न घालवणे हे ९५ टक्क्यांपेक्षा कठीण आहे, या मताला गणिताचाही आधार देता येईल. जे राहतात त्यांच्यासाठी पुरवणी परीक्षा असते, आणि दोन विषयांपर्यंत राहिलेल्यांना एटीकेटी घेऊन अकरावीत बसता येते.

आता पुढे काय, हा प्रश्न निकालानंतर पडतो असे मानले जाते. वास्तविक तो पडू नये म्हणून खूप काळजी घेतलेली असते. शासनाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली होती. मुलाचा ओढा कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक की गणवेशधारी सेवा, या सात क्षेत्रांपैकी कुठे आहे ते ती सांगत असे. मुले ती मनापासून देत, कारण तिच्यात नापास होता येत नव्हते. अहवालात ‘ललित कला’ आले, तर आई म्हणे, “छान, छंद म्हणून ठेव.” ‘गणवेशधारी सेवा’ आले, तर आजी घाबरे. अहवाल काहीही येवो, तो फाइलमध्ये जाई आणि फाइल सायन्सच्या रांगेत उभी राही.

कारण शाखा ओढ्यावर ठरत नाही, टक्क्यांवर ठरते. ८५ च्या वर सायन्स, ६० ते ८५ मध्ये सायन्सच पण घराजवळचे, त्याखाली कॉमर्स, आणि आर्ट्स हे मुलाने स्वतःहून मागितले तर डॉक्टरांना दाखवायचे. हा निर्णय एका संध्याकाळी होतो. वर्षभराच्या तयारीच्या मानाने त्याला फारच कमी वेळ लागतो : काका, आत्या, समोरच्या फ्लॅटमधले इंजिनिअर आणि त्यांचा पुण्यात असलेला पुतण्या फोनवर, एवढे जमले की चहा थंड व्हायच्या आत तो लागतो.

“तुला काय आवडतं रे?” काका विचारतात.

“मला इतिहास—”

“इतिहास घरी वाचता येतो. सायन्स घे. सायन्समधून कुठेही जाता येतं. आर्ट्समधून सायन्सला नाही येता येत.”

या युक्तिवादावर महाराष्ट्राची दोन पिढ्यांची शैक्षणिक व्यवस्था उभी आहे, आणि तो खोटाही नाही. बारावी सायन्सनंतर खरोखर बीए, बीकॉम, कायदा, हॉटेल, बँक, स्पर्धा परीक्षा, सगळीकडे जाता येते. म्हणून ज्याला काय करायचे ते कळलेले नाही तो सायन्सला जातो, आणि ज्याला कळलेले आहे त्याला समजावून सायन्सला पाठवले जाते. सायन्स ही शाखा नसून दोन वर्षांची मुदतवाढ आहे, असे कोणी म्हणत नाही. पण घेताना सगळ्यांच्या मनात तेच असते. तिथेही पीसीएम की पीसीबी हा फाटा येतो तेव्हा ‘दोन्ही ठेवू’ असा तोडगा निघतो. गणित इंजिनिअरिंगसाठी, बायो डॉक्टरकीसाठी, आणि मुलगा दोन्ही क्लासमधल्या रिक्षात.

बायफोकल विषय हा या शाखेचा खास अलंकार. तो एक भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या बदल्यात मिळतो, २०० गुणांचा असतो आणि गुण बरे मिळतात अशी त्याची ख्याती आहे. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा भरल्या की क्रॉप सायन्स उरते, कुठे कुठे मत्स्यव्यवसायही. त्यामुळे कांदिवलीच्या सतराव्या मजल्यावर वाढलेली, कोथिंबीर आणि मेथी यांतला फरक पिशवीवर वाचून ओळखणारी मुले दोन वर्षे खतांच्या मात्रा पाठ करतात. त्याच वेळी ज्याच्या घरी चार एकर ऊस आहे तो लातूरला भाड्याच्या खोलीत राहून ऑरगॅनिक केमिस्ट्री करत असतो.

या गर्दीत काही मुले खरोखर काहीतरी निवडतात, आणि त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा घेणारा मुलगा नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो, आणि बारावीचे रण त्याला लागतच नाही. आयटीआयला वायरमन, फिटर, टर्नर असे ट्रेड असतात. तिथे गेलेल्याला पुढे काय करणार हे विचारावे लागत नाही, ट्रेडच्या नावातच ते लिहिलेले असते. समाजात मात्र ‘आयटीआयला टाकला’ असा प्रयोग रूढ आहे. सायन्सला मुलगा जातो, आयटीआयला टाकला जातो. पुढे घरातला इन्व्हर्टर बिघडला की टाकलेल्यालाच बोलावतात, आणि तो रविवारी यायला तयार नसतो.

प्रवेश ऑनलाइन होतात. ही पद्धत आधी मोठ्या शहरांपुरती होती, २०२५ पासून ती राज्यभर झाली. अर्जाचे दोन भाग. पहिल्यात नाव, गाव, आरक्षण. दुसऱ्यात महाविद्यालयांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. पहिल्या क्रमांकाचे महाविद्यालय लागले तर ते घ्यावेच लागते. नाही घेतले तर पुढच्या फेऱ्या बंद. या नियमामुळे कधी नव्हे ते लोक आपल्याला खरोखर काय हवे याचा विचार करू लागतात, आणि घाबरून जातात. मुंबईत रुईया वर की रुपारेल, पुण्यात फर्ग्युसन आधी की स. प., यावरून घरात दोन तट पडतात. एका तटाचे नेतृत्व त्या महाविद्यालयात शिकलेला मामा करतो. मामाला तिथले काय आवडले होते, ते कँटीन होते हे तो सांगत नाही. राज्यात अकरावीच्या जागा २० लाखांहून अधिक, म्हणजे दहावी झालेल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. टंचाई जागांची नसून त्याच दहा-बारा नावांची आहे. त्यामुळे कट-ऑफ दशांश चिन्हानंतर दोन घरे चालतो, आणि ०.२० टक्क्याने जागा गेली की आठवीत सोडलेले मडक्याचे चित्र आठवते.

पण पसंतीक्रमावर इतके दिवस घातलेल्या अनेकांचा प्रश्न आधीच सुटलेला असतो. त्यांनी ‘इंटिग्रेटेड’ घेतलेले असते. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, फी त्याच्याशी संधान असलेल्या क्लासला, आणि सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत मुलगा क्लासमध्ये. तिथे जेईई, नीट आणि सीईटी या तिन्हींची तयारी एकदम चालते, कारण अजून काही ठरलेले नसते. हजेरी महाविद्यालयाच्या पटावर लागते, ती कशी लागते हे पटालाच माहीत. प्राचार्यांचा चेहरा माहितीपुस्तकातल्या फोटोमुळे ओळखीचा असतो. महाविद्यालय नेमके कुठल्या रस्त्यावर आहे, ते बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली की रिक्षावाल्याला विचारून घेतात.